रिकामा रकाना

प्रस्तावना

पत्रलेखनाची रीत तुम्हांला परिचित आहे. वरच्या कोपऱ्यात पत्ता आणि तारीख, त्याखाली मायना, मग मजकूर आणि शेवटी सही. हा सांगाडा आपण पाठ करतो आणि त्यातले एखादे अंग राहून गेले, तर परीक्षेत गुण कापले जातात. तो सांगाडा कशासाठी आहे, याचा विचार मात्र आपण क्वचितच करतो. आज पत्रव्यवहाराचा मोठा भाग संकेतस्थळांवरील अर्जांतून चालतो. असा अर्ज भरणारा माणूस पत्र लिहीत नाही. तो केवळ रकाने भरतो. त्या रकान्यांचे पत्र तयार करते ती संगणकाची आज्ञावली, आणि ते ई-मेलने इच्छित स्थळी जाते. पत्रातील कोणते अंग राहून गेले आहे हे पाहण्याचे कामही मग त्या आज्ञावलीकडे, म्हणजेच ती लिहिणाऱ्याकडे येते. या कामाचा विचार आपण या पाठात करणार आहोत.

उद्दिष्टे

हा पाठ अभ्यासल्यानंतर अर्जातील आवश्यक रकाने कसे तपासले जातात, हे तुम्हांला स्वतःच्या शब्दांत सांगता येईल. कोणता रकाना आवश्यक ठरवावा आणि कोणता ऐच्छिक, याविषयी कारणांसह मत मांडता येईल. आणि रकाना रिकामा राहिल्याची सूचना नेमक्या व सौजन्यपूर्ण मराठीत लिहिता येईल.

मूळ पाठ

१. काशीला आलेले एक पत्र

माझे मामा वाराणसीत ब्रह्माघाटाच्या वरच्या बाजूला, एका अरुंद गल्लीत छोटे यात्रीनिवास चालवीत असत. ब्रह्माघाट, दुर्गाघाट, पंचगंगाघाट हा काशीतील जुन्या मराठी वस्तीचा भाग आहे. महाराष्ट्रातून येणारे यात्रेकरू मामांना आधी पत्र लिहून किंवा दूरध्वनी करून खोली राखून ठेवीत. काही वर्षांपूर्वी मी त्यांच्यासाठी एक संकेतस्थळ तयार केले आणि त्यावर एक अर्ज ठेवला. नाव, गाव, ई-मेलचा पत्ता, दूरध्वनी क्रमांक, येण्याची तारीख, माणसे किती, आणि शेवटी ‘आणखी काही सांगावयाचे असल्यास’ असा एक मोठा चौकोन. नाव, ई-मेल आणि तारीख या तीन रकान्यांपुढे लाल तारा होता. ते भरल्याशिवाय अर्ज पुढे जात नसे. बाकीचे रकाने ऐच्छिक होते. अर्ज पाठवला गेला, की त्यातील मजकूर मामांना ई-मेलने मिळे.

एके दिवशी सकाळी मामांचा दूरध्वनी आला. “अरे, एक बाई खोलीचं विचारताहेत. पण उत्तर पाठवू कुणाला?”

मी ते ई-मेल उघडून पाहिले. मोठ्या चौकोनात लिहिले होते, की आईला काशी दाखवायची आहे. तिचे वय एक्याऐंशी आहे. तिला पायऱ्या चढवत नाहीत. तळमजल्यावरची खोली मिळेल का? मिळणार नसेल, तर तिकिटे परत करावी लागतील, म्हणून लवकर कळवावे. येण्याची तारीख आठ दिवसांवर आली होती. नावाच्या रकान्यात फक्त पहिले नाव होते. गाव नव्हते. दूरध्वनी क्रमांक नव्हता. आणि ‘ई-मेल’ या शब्दापुढच्या विसर्गचिन्हासारख्या दोन टिंबांनंतर काहीच नव्हते.

मामांकडे तळमजल्यावर एकच खोली होती. त्यांनी ती तीन दिवस रिकामी ठेवली. कोणीही आले नाही. त्या बाईंनी तिकिटे परत केली, की त्या दुसरीकडे उतरल्या, हे आम्हांला कधीच कळले नाही. उत्तराची वाट त्यांनी पाहिली असेल, एवढे मात्र निश्चित.

चूक माझी होती, आणि ती शोधायला मला दोन दिवस लागले. संकेतस्थळावर साठलेल्या नोंदींत त्या बाईंच्या ई-मेलचा रकाना अगदीच रिकामा नव्हता. त्यात एक अक्षर होते : मोकळी जागा. कळफलकावरील सर्वांत लांब कळ एकदा दाबली, की उमटते ती. माझी आज्ञावली प्रत्येक आवश्यक रकान्याविषयी एवढेच विचारीत होती : ‘यात किमान एक अक्षर आहे का?’ मोकळी जागा हे संगणकाच्या लेखी अक्षरच असते. त्यामुळे उत्तर ‘होय’ असे आले आणि अर्ज पुढे गेला.

त्या बाईंनी असे का केले असावे? मला एकच कारण संभवनीय वाटते. त्यांच्याकडे ई-मेलचा पत्ताच नसावा. लाल तारा त्यांना पुढे जाऊ देत नव्हता. म्हणून त्यांनी एक कळ दाबून पाहिली आणि दार उघडले. आपली विनंती पोहोचली, असेच त्यांना वाटले असणार. आणि ती पोहोचलीही होती.

२. घाटावर विचारणारा माणूस असतो

या प्रसंगानंतर मामा मला एकदा म्हणाले, “आमच्या उपाध्यायांच्या वहीत असं कधी होत नाही.” त्यांचे म्हणणे मला प्रथम चेष्टेचे वाटले, पण ते खरे होते.

तीर्थक्षेत्रांतील उपाध्यायांकडे यजमानांच्या वह्या असतात, हे तुम्ही घरातील वडीलधाऱ्यांकडून ऐकले असेल. यात्रेकरूने आपले गाव आणि आडनाव सांगितले, की उपाध्याय त्या घराण्याची नोंद शोधून काढतात. आजोबा, पणजोबा कधी येऊन गेले, सोबत कोण होते, हे त्यात सापडते. बहुधा त्यांच्या हस्ताक्षरातील सहीही सापडते. मग नव्या पिढीची नोंद त्याखाली होते. हादेखील एक अर्जच आहे, आणि त्यालाही आवश्यक रकाने आहेत. फरक एवढाच, की तो भरून घेणारा माणूस समोर बसलेला असतो. तुम्ही गाव सांगायचे विसरलात, तर तो मान वर करून विचारतो, “गाव कोणतं?” तुम्ही चुकीचे आजोबा सांगितलेत, तर जुन्या पानावर बोट ठेवून तो तुम्हांला थांबवतो. उणीव भरून निघते ती माणूस समोर असतानाच.

संकल्पाच्या वेळीही असेच घडते. देश, काल, गोत्र आणि नाव यांचा उच्चार झाल्यावाचून संकल्प पूर्ण होत नाही. काशीत तर स्थळाचा उच्चारच मोठा असतो, कारण या नगरीला अविमुक्त, आनंदवन, महाश्मशान अशी अनेक नावे आहेत. गुरुजी गोत्र विचारतात आणि कित्येकांना ते ठाऊक नसते. म्हणून कोणाला परत पाठवीत नाहीत. गोत्र माहीत नसेल, तर काश्यप गोत्र उच्चारावे, असा संकेत आहे. संगणकाच्या भाषेत याला ‘पूर्वनियोजित मूल्य’ म्हणता येईल : उत्तर आले नाही, तर त्या जागी काय धरायचे, हे आधीच ठरवून ठेवणे.

ही युक्ती संगणकावरही वापरतात. मात्र तेथे ती जपून वापरावी लागते. समजा, एखाद्या अर्जात महाराष्ट्रातील जिल्ह्यांची यादी अकारविल्हे दिली आहे आणि पहिले नाव आधीच निवडून ठेवले आहे. ज्यांनी त्या रकान्याकडे पाहिलेच नाही, ते सारे अकोल्याचे ठरतील! अकोला जिल्ह्याची लोकसंख्या वाढवण्याचा हा मार्ग सोपा असला, तरी त्यातून रिकामा रकाना भरलेला दिसू लागतो आणि उणीव लपून जाते. काश्यप गोत्राचा उच्चार करताना तो एक संकेत आहे, हे सांगणाऱ्याला आणि ऐकणाऱ्याला दोघांनाही ठाऊक असते. अकोल्याचे तसे नाही. म्हणून अशा यादीत पहिली ओळ ‘जिल्हा निवडा’ अशी असावी, आणि ती जशीच्या तशी राहिली तर रकाना रिकामा आहे असे धरावे.

पाठगत प्रश्न : (१) मोकळी जागा असलेला रकाना आज्ञावलीने भरलेला का मानला? (२) उपाध्यायांची वही आणि संकेतस्थळावरील अर्ज यांतील एक साम्य व एक भेद सांगा.

३. पत्रावर साल नसेल तर

पत्रातील एखादे अंग राहून गेले, की ती उणीव शतकानुशतके छळते, याचा अनुभव मराठ्यांच्या इतिहासाच्या अभ्यासकांना चांगलाच आहे. वि. का. राजवाडे यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड १८९८ साली प्रसिद्ध केला. गो. स. सरदेसाई यांनी पेशवे दप्तरातील निवडक कागदांचे ४५ भाग १९३० ते १९३४ या काळात छापले. अशा कागदांतील अनेक पत्रांवर तिथी किंवा चंद्र असतो, पण साल नसते. लिहिणाऱ्याला आणि वाचणाऱ्याला साल माहीतच होते. मग ते लिहिण्याची गरज काय? दोनशे वर्षांनी तेच पत्र हाती घेणाऱ्याला मात्र मजकुरातील माणसे, लढाया, आजारपणे यांवरून साल ठरवावे लागते. त्याला विचारायला समोर कोणी नसते.

ई-मेलची रचना करणाऱ्यांनी हे ओळखले होते. १९७१ साली रे टॉमलिन्सन यांनी दोन संगणकांमध्ये पहिला संदेश पाठवला आणि पत्त्यात ‘ॲट’ हे चिन्ह योजले. पुढे १९८२ मध्ये डेव्हिड क्रॉकर यांनी संपादित केलेल्या नियमपत्राने पत्राच्या शिरोभागातील रकाने नेमून दिले. तारीख, पाठवणारा आणि ज्याला पाठवायचे तो, हे त्यात आवश्यक होते. २००१ नंतरच्या सुधारित नियमांनी आवश्यक रकाने दोनच ठेवले : तारीख आणि पाठवणारा. ‘विषय’ हा रकाना आपण अगत्याने भरतो, पण नियमाने तो कधीच आवश्यक नव्हता. पत्र कधी लिहिले आणि कोणी लिहिले, एवढे कळले तरी उत्तर देता येते, असा विचार यामागे दिसतो.

मग मामांना आलेले पत्र या नियमात बसत नव्हते का? ते पूर्णपणे बसत होते, आणि खरी अडचण तीच आहे. अर्जातून निघालेल्या ई-मेलवर पाठवणारा म्हणून बहुधा संकेतस्थळाचाच पत्ता पडतो, आणि तारीख संगणक घालतो. दोन्ही आवश्यक रकाने यंत्राने भरले होते. लखोटा पूर्ण होता. त्यातले माणूस मात्र हरवले होते. टपाल खात्यात असे घडले, तर निदान एक शेवटचा उपाय उरतो. ज्या पत्राचा वाली सापडत नाही, ते परत-पत्र कार्यालयाकडे जाते, आणि पाठवणाऱ्याचा पत्ता शोधण्यासाठी ते तेथे उघडता येते. अर्जाच्या ई-मेलला असे कार्यालय नाही. जे रकान्यात आले नाही, ते कोठेच नसते.

४. तपासणी दोन ठिकाणी

संकेतस्थळावरील अर्जाचे रकाने एचटीएमएलच्या दुसऱ्या आवृत्तीत, नोव्हेंबर १९९५ मध्ये, नियमबद्ध झाले. भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू झाले ते त्याच वर्षी, १५ ऑगस्टला. अर्जातील मजकूर ई-मेलने पाठवणारी ‘फॉर्ममेल’ नावाची एक छोटी आज्ञावली मॅट राईट याने पर्ल या भाषेत लिहिली, तीही १९९५ चीच. कोणते रकाने आवश्यक आहेत, त्यांची यादी तिला देता येत असे, आणि त्यांतले काही कोरे राहिले, तर ती त्यांची नावे असलेले एक पान भरणाऱ्याला दाखवीत असे. जगभरातील असंख्य लहान संकेतस्थळांनी ती वापरली.

त्या काळी अर्ज सर्व्हरपर्यंत जायचा, तेथे तपासला जायचा आणि उणीव असेल तर परत यायचा. हा फेरा वाचावा म्हणून तपासणी भरणाऱ्याच्याच संगणकावर, ब्राउझरमध्ये करण्याची सोय जावास्क्रिप्टने केली. एचटीएमएलच्या पाचव्या आवृत्तीला ऑक्टोबर २०१४ मध्ये प्रमाणभूत मान्यता मिळाली. तिच्यात तर रकान्याला ‘आवश्यक’ असा एक शब्द जोडला, की तपासणी ब्राउझर स्वतःच करतो.

तेव्हा सर्व्हरवरची तपासणी आता काढून टाकावी का? मुळीच नाही. ब्राउझरमधील तपासणी ही भरणाऱ्याच्या सोयीसाठी असते. ती बंद करता येते, टाळता येते. एखाद्या जुन्या यंत्रावर ती चालतही नाही. शिवाय अर्ज भरणारे सगळेच यात्रेकरू नसतात. फॉर्ममेलच्या आरंभीच्या आवृत्त्यांत पत्र कोणाला जावे, हाही एक रकाना अर्जातच लपवलेला असे. जाहिरातींचा कचरा पसरवणाऱ्यांनी त्यात परक्यांचे पत्ते घालून दुसऱ्यांच्या सर्व्हरवरून हजारो पत्रे पाठवली. पलीकडून जे येईल ते पारखून घ्यावे, हा नियम तेव्हापासून सर्वांनी मानला. आवश्यक रकान्यांची अंतिम तपासणी पत्र तयार होण्याच्या आधी, सर्व्हरवरच झाली पाहिजे.

५. ‘रिकामे’ म्हणजे काय?

हा प्रश्न वरवर पोरकट वाटतो. पण आज्ञावली लिहिणाऱ्यांच्या सर्वाधिक चुका येथेच होतात, म्हणून त्यावर थोडे थांबू.

मोकळ्या जागेचे उदाहरण आपण पाहिलेच. त्यावरचा उपाय सोपा आहे. मजकुराच्या दोन्ही टोकांच्या मोकळ्या जागा आधी छाटायच्या, आणि मग काही उरते का ते पाहायचे. ब्राउझरच्या तपासणीवर या बाबतीत विसंबू नये. नावाच्या साध्या रकान्यात नुसती मोकळी जागा घातली, तर ब्राउझर तो भरलेलाच समजतो.

दुसरी चूक नेमकी उलट आहे. मामांच्या अर्जात पुढे मी ‘बारा वर्षांखालील मुले किती?’ असा आवश्यक रकाना घातला. वृद्ध दांपत्ये त्यात शून्य लिहीत, आणि अर्ज ‘रकाना रिकामा आहे’ असे म्हणून परत येई. पीएचपी या भाषेत रकाना रिकामा आहे का, हे विचारणारी जी तयार आज्ञा आहे, ती ‘०’ या उत्तरालाही रिकामे मानते. ज्या देशात शून्याला अंकाचा मान मिळाला, त्या देशातील यात्रेकरूंना शून्य हे उत्तर नव्हे असे सांगणे विनोदीच होते! शून्य मुले हे पूर्ण उत्तर आहे. काहीही न लिहिणे हे उत्तर नाही. म्हणून ‘हे मूल्य खोटे आहे का?’ असे न विचारता ‘छाटल्यानंतर येथे एकही अक्षर उरले नाही, असे आहे का?’ असे विचारावे.

तिसरी चूक आपल्या भाषांपुरती आहे, आणि म्हणूनच परदेशी पुस्तकांत ती फारशी सापडत नाही. एका गृहस्थांनी दूरध्वनी क्रमांक देवनागरी अंकांत लिहिला. क्रमांकाच्या रकान्यातून अंक सोडून बाकी सर्व, म्हणजे अधिक-चिन्हे, आडव्या रेघा, कंस काढून टाकावे, अशी व्यवस्था मी केली होती. पण आज्ञावलीला ‘अंक’ म्हणून फक्त इंग्रजी अंकच ठाऊक होते. तिने दहाही देवनागरी अंक केरकचरा समजून झाडून टाकले आणि मग, ‘तुम्ही क्रमांक लिहिलेला नाही’ असे त्या गृहस्थांना सांगितले. ज्याने नीट लिहिले, त्यालाच ‘लिहिले नाही’ म्हणण्याचा हा प्रकार. आधी देवनागरी अंकांचे रूपांतर करावे, मग छाटणी करावी आणि शेवटी रिकामे आहे का ते पाहावे. हा क्रम महत्त्वाचा आहे. केवळ रोमन अक्षरांतील नावे स्वीकारणारे अर्जही याच जातीचे.

६. लाल तारा कोठे लावावा?

तपासणी निर्दोष झाली, तरी त्या बाईंचा प्रश्न सुटत नाही. मी मोकळ्या जागा छाटायला लागलो असतो, तर त्यांचा अर्ज आलाच नसता. एक्याऐंशी वर्षांच्या आईविषयीचे ते चार शब्दही मामांपर्यंत पोहोचले नसते. जी गोष्ट माणसाजवळ नाही, ती आवश्यक ठरवली, तर तो एक तर परत जातो, नाहीतर काहीतरी खोटे भरतो. दोन्हींत तोटा आपलाच.

ही अडचण काशीसारख्या नगरीत विशेष जाणवते, कारण तेथे साऱ्या देशातून माणसे येतात. आपल्याकडे नाव, वडिलांचे किंवा पतीचे नाव आणि आडनाव, असे तीन भाग रूढ आहेत. म्हणून आपण ‘आडनाव’ या रकान्यावर सहज तारा लावतो. तमिळनाडूतून आलेल्या यात्रेकरूला आडनाव नसतेच. स्वतःचे नाव आणि त्याआधी वडिलांच्या नावाचे आद्याक्षर, एवढेच असते. त्याने काय लिहावे? तो पूर्णविराम लिहितो, किंवा स्वतःचेच नाव दोनदा लिहितो. ‘पूर्ण नाव’ असा एकच रकाना ठेवला असता, तर ही वेळ आली नसती.

पिनकोडचे उदाहरणही पाहण्यासारखे आहे. १५ ऑगस्ट १९७२ रोजी ही पद्धत देशात सुरू झाली. तिचे जनक श्रीराम भिकाजी वेलणकर हे टपाल खात्यातील वरिष्ठ अधिकारी आणि संस्कृत कवी. अंकांची आणि वृत्तांची ही जोडी मला नेहमीच मोहक वाटत आली आहे. पिनकोडच्या सहा अंकांतील पहिला अंक विभाग सांगतो; महाराष्ट्राचे पिनकोड ४ ने सुरू होतात, वाराणसी शहराचे २२१ ने. पत्रावर पिनकोड नसला, तरी टपाल खात्यातील जाणकार माणूस शहराच्या नावावरून वाट काढतो. पत्र उशिरा पोहोचते, पण पोहोचते. पिनकोड उपयुक्त आहे; मामांच्या अर्जात मात्र तो आवश्यक नाही, कारण त्यावाचून खोली देता येते.

कसोटी हीच असावी, असे मला वाटते : हा रकाना रिकामा राहिला, तर पुढचे काम अडते का? येण्याची तारीख नसेल, तर अडते. गोत्र, व्यवसाय, जन्मतारीख यांवाचून खोलीचे काहीच अडत नाही. मग ते विचारूही नये. आणि उत्तर पाठवण्याचा मार्ग नसेल, तर सारेच अडते. पण तो मार्ग ई-मेलचाच असला पाहिजे, असे नाही. म्हणून आवश्यक ठरतो तो कोणताही एक रकाना नव्हे, तर एक जोडी : ई-मेल किंवा दूरध्वनी, दोहोंपैकी निदान एक. ब्राउझरच्या तयार तपासणीला ‘दोहोंपैकी एक’ ही भाषा समजत नाही. त्यासाठी दोन ओळी आपल्याला लिहाव्या लागतात. माझ्या त्या अर्जात या दोन ओळी असत्या, तर मामांनी त्या दिवशी दूरध्वनी मला न करता त्या बाईंना केला असता.

पाठगत प्रश्न : (३) ‘०’ या उत्तराला रिकामे मानल्याने कोणाची अडचण झाली? (४) ‘आडनाव’ हा रकाना आवश्यक ठेवण्यास लेखकाची हरकत का आहे?

७. उणीव सांगण्याची भाषा

रकाना रिकामा आहे, हे संगणकाला कळले. आता ते माणसाला सांगायचे आहे. हे काम भाषेचे आहे, आणि बहुतेक अर्ज येथे नापास होतात. ‘अवैध माहिती’, ‘त्रुटी आढळली’, ‘सर्व अनिवार्य क्षेत्रे भरणे बंधनकारक आहे’ अशी वाक्ये पडद्यावर उमटतात. काय राहिले, कोठे राहिले, आता काय करायचे, यांतले काहीच त्यांतून कळत नाही. ‘क्षेत्र’ हा शब्द तर काशीच्या यात्रेकरूला भलतीकडेच नेईल!

मराठीत यासाठी एक सुंदर सोय आहे. ‘तुम्ही तारीख लिहिली नाही’ या वाक्यात ठपका आहे. ‘तारीख लिहायची राहिली आहे’ या वाक्यात तो नाही. ‘राहणे’ या क्रियापदामुळे कर्ता बाजूला होतो आणि लक्ष राहिलेल्या कामाकडे जाते. घरात आई म्हणते, “दिवा लावायचा राहिला.” कोणी लावला नाही, हा प्रश्न ती काढत नाही, ऐकणारा उठून दिवा लावतो. अर्जातील सूचनेचा सूर असाच असावा : ‘येण्याची तारीख लिहायची राहिली आहे. कृपया ती लिहावी.’

सूचना त्या त्या रकान्याजवळच दिसावी. केवळ लाल रंगावर भिस्त ठेवू नये. काहींना लाल व हिरवा यांतला फरक दिसत नाही, आणि दृष्टिहीन वाचकांना पडदा वाचून दाखवणारी यंत्रणा रंग सांगत नाही. ताऱ्याबरोबर ‘आवश्यक’ हा शब्दही लिहावा. राहिलेल्या सगळ्या गोष्टी एकदमच सांगाव्यात. एखाद्या कचेरीत खिडकीवरचा माणूस आधी छायाप्रत आणायला पाठवतो, ती आणल्यावर छायाचित्र मागतो आणि ते आणल्यावर सही राहिली म्हणतो. तो अनुभव ज्याने घेतला आहे, त्याला याचे महत्त्व वेगळे सांगायला नको. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, जे भरून झाले आहे ते पुसले जाऊ नये. एक रकाना राहिला म्हणून अर्धा तास खपून लिहिलेला मजकूर नाहीसा करणे, ही निव्वळ असभ्यता आहे.

मामांच्या अर्जाचे नवे रूप असे झाले : पूर्ण नाव आणि येण्याची तारीख आवश्यक, ई-मेल किंवा दूरध्वनी यांपैकी एक आवश्यक, गाव ऐच्छिक. जन्मतारखेचा विचार मनात आला होता, तो सोडून दिला. ‘कोणाला पायऱ्या चढण्यास त्रास होतो का?’ असा एक नवा रकाना घातला, तोही ऐच्छिक. दोन्ही संपर्क रकाने रिकामे राहिले, तर पडद्यावर वाक्य येई : ‘आपल्याला उत्तर कोठे पाठवावे, हे लिहायचे राहिले आहे. ई-मेल नसल्यास दूरध्वनी क्रमांक पुरेसा आहे. आपण लिहिलेला बाकी मजकूर सुरक्षित आहे.’ अर्ज पोहोचला, की त्यातील मजकुराची एक प्रत भरणाऱ्यालाही ई-मेलने जाऊ लागली. ई-मेल नसेल, तर मामा स्वतः दूरध्वनी करीत.

तळमजल्यावरची ती खोली मात्र ते पुढेही, कोणी विचारले तरी, सर्वांत शेवटी देत.

स्वाध्याय

१. त्या बाईंच्या अर्जात कोणकोणत्या गोष्टी राहिल्या होत्या? त्यांतील कोणत्या उणिवेमुळे उत्तर देणे अशक्य झाले, ते सकारण लिहा.

२. पुढील सूचना ‘राहणे’ या क्रियापदाचा उपयोग करून पुन्हा लिहा : (अ) तुम्ही नाव भरले नाही. (आ) दूरध्वनी क्रमांक अनिवार्य आहे. (इ) चूक! माणसांची संख्या दिलेली नाही.

३. तुमच्या गावातील ग्रंथालयाच्या सभासदत्वासाठी संकेतस्थळावर अर्ज ठेवायचा आहे. त्यात कोणते रकाने असावेत, ते ठरवा. प्रत्येक आवश्यक रकान्यापुढे, तो रिकामा राहिल्यास कोणते काम अडेल, ते एका वाक्यात लिहा. ज्याच्यापुढे असे वाक्य लिहिता येत नाही, त्याचा तारा काढून टाका.

४. तुमच्या घरातील एखादे जुने पत्र शोधा. त्यावर स्थळ, तारीख, साल आणि पाठवणाऱ्याचे नाव यांपैकी काय आहे व काय नाही, ते पाहा. जे नाही, ते मजकुरातील कोणत्या खुणांवरून ठरवता येईल?